कुत्र्याला टक्कल पडलंय? आत्ता काही लावू नका, आधी हे बघा

दर पावसाळ्यात हे फोन सुरू होतात. "ताई, फोटो पाठवलाय, मध्येच टक्कल पडलंय, काय लावू?" मी कोथरूड-कर्वेनगर भागात घरी जाऊन ग्रूमिंग करते, सोसायटीच्या गेटबाहेरची भटक्या कुत्र्यांची टोळी पण माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे हा प्रकार इतक्यांदा बघितलाय की उत्तर ठरलेलं असतं, आत्ता काहीही लावू नका. लोकांना राग येतो. पण पिसवांपासून थायरॉईडपर्यंत कशानेही केस जातात, आणि घरात पडलेल्या माणसांच्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉईड, अँटिबायोटिक आणि फंगसचं औषध असं सगळंच एकत्र कालवलेलं असतं. ती चोळली की लाली उतरते, खाज दबते, घरचे खूश, आणि आतले किडे नाहीतर बुरशी निवांत वाढत राहतात, वर कुत्रा ते चाटून पोटात घालतो ते वेगळंच. मग आठवड्याने डॉक्टरकडे गेलात की त्यांनाही नक्की काय होतं ते कळणं अवघड होऊन बसतं.

तर क्रमाने जाऊया. फुकटातलं आधी, खर्चिक शेवटी.

लक्षणं: कुठे गेलेत केस, आणि खाज आहे का

या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की अर्धं काम झालं.

शेपटीच्या मुळाशी, कंबरेवर, मांड्यांच्या मागे केस विरळ झालेत आणि कुत्रा कणीस खाल्ल्यासारखा पुढच्या दातांनी तिथे कुरतडत बसतो, तर पहिला संशय पिसवांवर. कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे आणि पोट इथे खपल्या आहेत, खाज इतकी की खाता खाता थांबून खाजवतोय, रात्रभर घंटी वाजल्यासारखा पट्टा खुळखुळतोय, तर ती खरूज, म्हणजे कातडीत शिरणारा बारीक किडा, आणि ही खरूज पसरते. पिल्लू आहे, डोळ्याभोवती किंवा तोंडाच्या कडेला किंवा पुढच्या पायावर छोटे चट्टे आहेत पण खाज फारशी नाही, तर डेमोडेक्स नावाचा दुसरा किडा, तो पसरत नाही. गोल चट्टा, कडेला कोंडा, केस मुळातून न जाता मध्येच तुटल्यासारखे, तर नायटा असू शकतो. पोटावर पुळ्या आणि पुळी फुटून गोल साल सुटल्यासारखं दिसतंय ते जंतूंचं इन्फेक्शन, हे बहुतेकदा दुसऱ्या कशाच्या तरी मागून आलेलं असतं. पंजे चाटून चाटून केस तांबूस झालेत, कान सारखे खराब होतात, काखा लाल, म्हणजे अ‍ॅलर्जीकडे बघा. आणि दोन्ही कुशींवर अगदी सारखं टक्कल, शेपटी उघडी पडलेली, खाज अजिबात नाही, कुत्रा मध्यम वयाचा, जाड झालाय, दिवसभर लोळतोय, तर हॉर्मोनचं काम.

हे सगळं एकमेकांत मिसळतं हे पण खरं. पिसवांनी सुरुवात होते, खाजवून जखम होते, जखमेत जंतू येतात. म्हणून सुरुवात कुठून झाली ते घरातल्या सगळ्यांना विचारा, बहुतेक वेळा आजीला माहीत असतं.

१. हे टक्कल आहे की नुसती केसगळती?

फुकट, पाच मिनिटं. केस सोफ्यावर ढीगभर पडतायत पण बोटांनी केस बाजूला केल्याशिवाय कातडी दिसत नाही, कातडी स्वच्छ आहे, खाज नाही, तर ती मोसमाची गळती. लॅब्राडॉर तर पुण्यात वर्षभर झडतो, उन्हाळा लागताना आणि ऑक्टोबर हीटमध्ये जरा जास्तच. पिल्लं झाल्यावर दोन-तीन महिन्यांत आईचेही केस बरेच जातात, ते येतात परत. रोज ब्रश करा आणि विषय सोडा.

याच्यात एक माझा राग आहे तो इथेच काढून घेते. पॉमेरेनियन आणि हस्कीला उन्हाळ्यात "गरम होतं बिचाऱ्याला" म्हणून झिरो मारून आणतात. या दाट दुहेरी केसांच्या कुत्र्यांत एकदा मशीन फिरवलं की केस काही वेळा सहा महिने, वर्षभर, कधी त्याहून जास्त येतच नाहीत, आले तर ठिगळासारखे येतात. मग हाच मालक टक्कल पडलं म्हणून डॉक्टरांचे उंबरे झिजवतो. तुमचा कुत्रा यातला असेल आणि मशीन फिरलेलं असेल तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, निम्म्या टेस्ट वाचतील.

टक्कलच असेल तर फोटो काढा. शेजारी रुपयाचं नाणं धरा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश नको. दर रविवारी तसाच. चट्टा वाढतोय का हे डोळ्याला कळत नाही, रोज बघणाऱ्याला तर नाहीच.

२. ओल्या टिश्यूची टेस्ट

ही माझी सगळ्यात लाडकी, कारण बहुतेक प्रकरणं इथेच उघडी पडतात. मेडिकलमधून उवांची बारीक फणी आणा. कुत्र्याला पांढऱ्या चादरीवर उभं करा, कंबरेपासून शेपटीकडे फणी अगदी कातडीला लावून फिरवा. फणीत काळी मिरपूड पडल्यासारखं काही आलं की ते ओल्या टिश्यूवर झटका आणि जरा थांबा. साधी धूळ असेल तर काळीच राहील. त्या कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरायला लागला तर ते रक्त आहे, पिसवांची विष्ठा, म्हणजे पिसवा आहेत, मग तुम्हाला एकही दिसलेली नसली तरी.

"आमच्याकडे पिसवा नाहीत हो, आम्ही दर आठवड्याला अंघोळ घालतो" हे मला ठणकावून सांगणाऱ्या काकूंच्या समोर टिश्यू लाल झालेला मी बघितलाय. त्यांची चूक नाही. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते त्याला दोन-चार चावे पुरतात आणि तो स्वतःच चाटून-कुरतडून पिसवा गिळून टाकतो, म्हणून सापडत नाहीत. गिळलेल्या पिसवेतून पट्टकृमी होतो, शेपटीखाली भाताच्या शितासारखं काही चिकटलेलं दिसलं तर जंताचं औषध पण लागणार.

आता महत्त्वाचं. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या साधारण ५ टक्के, उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोशाच्या रूपात तुमच्या घरात आहेत, गादीखाली, सोफ्याच्या फटीत, जुन्या वाड्यातल्या फरशीच्या सांध्यात, गाडीच्या मागच्या सीटवर. कोशातली पिसू महिनोन्महिने गप्प बसू शकते. म्हणून नुसता कुत्रा धुऊन काही होत नाही, पंधरा दिवसांत परत तेच आणि मग "औषधच बोगस" म्हणून बोंब. कुत्र्याला वजनाप्रमाणे डॉक्टरांनी दिलेली गोळी नाहीतर मानेवर सोडायचं औषध, घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी, निदान तीन महिने सलग. पांघरुणं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. व्हॅक्यूम किंवा झाडू सोफ्याखाली रोज, आणि तो कचरा लगेच घराबाहेर.

मांजर असेल तर कुत्र्याचं मानेवर सोडायचं औषध तिला लावू नका. त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असलं तर मांजर झटके येऊन मरू शकते. कुत्र्याला लावलं असेल तरी ते वाळेपर्यंत मांजर त्याच्याजवळ नको.

३. पट्टा, फरशी, टेकडी

गळ्याभोवतीच केस गेलेत तर पट्टा काढून बघा, पावसात भिजलेला नायलॉनचा पट्टा दिवसेंदिवस ओला राहतो. हार्नेस असेल तर काखेत बघा. फक्त कोपरांवर जाड, राखाडी, केस नसलेली कातडी असेल आणि कुत्रा लॅब, जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेनसारखा वजनदार असेल तर तो शहाबादी फरशीवर धप्पकन बसण्याचा घट्टा आहे, आजार नाही. जाड गादी द्या. घट्टा फुटून रक्त-पाणी यायला लागलं तर मात्र दाखवा.

पोट आणि काखा तेवढ्या लाल होत असतील, तेही फिरून आल्यावर, तर रस्ता बदलून बघा. वेताळ टेकडी, तळजाई, कुठेही जा, पावसाळ्यात गाजर गवत गुडघाभर. भारतात हे गवत पसरायला लागल्याची पहिली नोंदसुद्धा १९५० च्या दशकात पुण्यातलीच, आणि माणसांच्या अंगावर त्याने काय उठतं ते आपल्याला माहीत आहे, कुत्र्याच्या पोटाला तर केसांचं आवरणही नाही. आठवडाभर डांबरी रस्त्याने फिरवा, घरी आल्यावर पोट आणि पंजे ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा. फरक पडला तर पडला, खर्च शून्य.

४. अंघोळ आणि ताट

माणसांचा शाम्पू बंद. आपली कातडी आम्लाकडे झुकलेली, पीएच ५.५ च्या आसपास, कुत्र्याची साधारण तटस्थ, त्यामुळे आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते, कोंडा होतो, खाज सुटते. बाळांचा शाम्पू सौम्य आहे म्हणून वापरतात, तो पण रोजच्यासाठी नको. डेटॉल टाकलेलं पाणी तर नकोच नको.

धुण्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं, हे कोणी मनावर घेत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात चार-चार दिवस ऊन नसतं, कुत्रा दिवसातून तीनदा भिजून येतो आणि आतले केस दमटच राहतात, तिथेच यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आणि जंतू माजतात. तेलकट, आंबूस वास येत असेल तर तेच. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा कुत्र्यांचा शाम्पू मिळतो, तो लावून दहा मिनिटं घड्याळ लावून ठेवायचा, लगेच धुतला तर पैसे नाल्यात. मग टॉवेल, मग ड्रायर थंड हवेवर.

ताटाचं बघायचं तर पुण्यात अजून कितीतरी घरांत कुत्रा पोळी-दूध आणि दहीभातावर आहे. प्रोटीन कमी, चांगली चरबी कमी, झिंक कमी, आणि धान्यावरच पोसलेल्या कुत्र्याला आहे तेवढं झिंकही नीट अंगी लागत नाही. केस निस्तेज आणि पातळ होतात. घर शाकाहारी असेल तर निदान अंडी तरी चालतात का बघा, नाहीतर धड कंपनीचं तयार खाणं द्या. महिना-दोन महिन्यांत केसांत फरक दिसतो, आठवड्यात नाही.

५. कानाची कड चोळून बघा

कानाच्या पाळीची कड अंगठा आणि बोटात धरून पाच सेकंद दुसऱ्या भागावर घासा. त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला तर खरजेचा संशय पक्का होतो. शंभर टक्के पुरावा नाही, पण फुकटात याहून चांगली खूण नाही.

मग घरातल्यांना विचारा. कोणाच्या दंडावर, पोटावर, मांडीवर लाल खाजरे फोड आलेत का, विशेषतः जो कुत्र्याला कुशीत घेऊन झोपतो त्याच्या? ही खरूज माणसाला चावते, पण माणसाच्या अंगावर टिकून वाढत नाही, कुत्रा बरा झाला की जाते. नायटा मात्र माणसाला व्यवस्थित होतो आणि टिकतो. घरात लहान मुलाच्या अंगावर गोल चट्टा आणि कुत्र्याला पण गोल चट्टा, असं दिसलं की दोघांनाही आपापल्या डॉक्टरकडे न्या, त्याच दिवशी. नायट्याचे बीजाणू घरात वर्ष-दीड वर्षसुद्धा जिवंत राहू शकतात, म्हणून पसरायच्या आत पकडायचा. ऑनलाइन मिळणारा निळा टॉर्च मारून "चमकत नाही म्हणजे नायटा नाही" असं ठरवू नका, कितीतरी नायटे चमकतच नाहीत.

इथे थांबा, आता डॉक्टर

वरचं करून दोन आठवड्यांत चट्टा थांबला नाही, किंवा पहिल्याच दिवशी खरूज, डेमोडेक्स, नायटा यातलं काही वाटलं, तर पुढे घरी काही करायचं नाही. आणि यातलं काही दिसलं तर दोन आठवडे पण थांबू नका: कुत्रा खात नाही, ताप आहे, हिरड्या पांढुरक्या, अंगावर गोचीड आणि कातडीखाली बारीक लाल ठिपके, पू आणि दुर्गंधी, तोंड सुजलंय, सकाळी नाण्याएवढा असलेला ओला चट्टा संध्याकाळी तळहाताएवढा, किंवा पिल्लू तीन महिन्यांच्या आतलं. घरात तान्हं बाळ किंवा केमो चालू असलेलं कोणी असेल तरी थांबू नका.

जाताना फोटो न्या, आतापर्यंत काय लावलं ते खरं सांगा. आणि स्क्रेपिंग करणार का, असं सरळ विचारा. ब्लेडने कातडी जरा खरवडून ती मायक्रोस्कोपखाली बघतात, काही शे रुपयांचं काम आहे, सगळ्या चट्ट्यांसाठी हा पाया आहे. खरजेचा किडा मात्र स्क्रेपिंगमध्ये बऱ्याचदा हुलकावणी देतो, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह असूनही डॉक्टरांनी खरजेचं औषध दिलं तर भांडू नका. डेमोडेक्स सहसा सापडतो. नायट्यासाठी केस कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायला पाठवतात, त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. पैशाची अडचण असेल तर औंधचं सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, सकाळी लवकर जा.

खरूज आणि डेमोडेक्सवर आता अफॉक्सोलानर, फ्लुरालानर, सारोलानर अशा गोळ्या आहेत, पिसवा-गोचिडांवर पण त्याच. पूर्वीच्या त्या वासाच्या औषधी अंघोळींपेक्षा शंभर पटीने बऱ्या. फक्त कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगा. डेमोडेक्समध्ये केस परत आले म्हणून औषध थांबवायचं नसतं, महिन्याच्या अंतराने दोन स्क्रेपिंग स्वच्छ आली की मग थांबायचं. मोठ्या वयात पहिल्यांदाच डेमोडेक्स झाला तर आत दुसरं काहीतरी चालू आहे, तेही शोधायला सांगा.

गायी-म्हशींचं आयव्हरमेक्टिन, म्हणजे किडे-जंत मारायचं औषध, कोणी कंपाउंडर "एक सुई मारतो, बरं होईल" म्हणून द्यायला निघाला तर हात जोडा. कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यातल्या बऱ्याच कुत्र्यांच्या एमडीआर-वन जीनमध्ये दोष असतो, औषध मेंदूत शिरतं आणि जीवावर बेततं. क्रॉस ब्रीडच्या रक्तात काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

तसंच "खाजेचं इंजेक्शन". दर महिन्याला एक मारून आणणारे लोक आहेत. ते बहुतेकदा स्टेरॉईड असतं, कुत्रा दुसऱ्या दिवशी शांत, सगळे खूश. वर्षभर हेच चाललं की पोट लोंबतं, कातडी पातळ होते, केस जातात, म्हणजे टक्कल घालवायला घेतलेल्या सुईनेच टक्कल. आधीच खूप झालं असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद पण करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

सगळं निगेटिव्ह आलं, खाज नाही, दोन्हीकडे सारखं टक्कल, तर रक्त तपासणीआधी घरचं एक काम करून जा. चोवीस तास पाणी मोजून ठेवा. दर किलो वजनाला १०० मिलीपेक्षा जास्त, म्हणजे दहा किलोचा कुत्रा दिवसाला लिटरहून जास्त पीत असेल तर ते जास्त आहे आणि डॉक्टरांना कुशिंगची, म्हणजे अंगात कॉर्टिसोल हे हॉर्मोन जास्त होण्याच्या आजाराची, दिशा मिळते. थायरॉईडला नुसत्या टी-फोरवर (थायरॉईडच्या हॉर्मोनची रक्त तपासणी) आयुष्यभराची गोळी सुरू करायला लागले तर टीएसएच किंवा फ्री टी-फोर पण बघूया का, असं विचारा, कारण दुसऱ्या बऱ्याच आजारांतही टी-फोर खाली येऊ शकतो.

आणि खाज आहे, किडे नाहीत, बुरशी नाही, वर्षभर सारखंच चालू आहे, तर खाण्याची अ‍ॅलर्जी तपासायला लागते. यात पैशापेक्षा घरच्यांचा कस लागतो. आठ आठवडे डॉक्टरांनी ठरवून दिलेलं एकच खाणं, त्याशिवाय एक कण नाही. चिकनचीच अ‍ॅलर्जी असणारे कुत्रे पुष्कळ आहेत. आजोबांनी चहाबरोबर गुपचूप दिलेलं अर्धं बिस्किट पण मोजलं जातं, घड्याळ परत पहिल्यापासून. "एवढ्याशाने काय होतंय" हे वाक्य घरात ऐकू आलं की समजा टेस्ट फुकट गेली.

रस्त्यावरच्यांचं

जळकं ऑइल, डिझेल, फिनाइल, हे अजून लावतात लोक, चांगल्या मनाने लावतात. कातडी भाजते, कुत्रा चाटतो, विष पोटात जातं. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी घालायचं तर घाला, पण त्याच्या भरवशावर थांबू नका.

टोळीत एकाला खरूज असेल तर सगळ्यांना एकाच दिवशी औषध द्या, नाहीतर ती फिरत राहते. वजनाचा अंदाज डॉक्टरांना फोटो-व्हिडिओ दाखवून घ्या. गोळी चिकनच्या तुकड्यात, प्रत्येकाला वेगळं उभं करून, कारण दांडगा कुत्रा दोघांच्या खाऊन टाकतो आणि ज्याला गरज आहे तो लांब उभा राहतो. गाभण कुत्री आणि छोटी पिल्लं असतील तर आधी विचारून. दिलेली तारीख आणि कुत्र्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, दुसरा डोस कोणाला दिला यावरून खायला घालणाऱ्यांमध्ये जी भांडणं होतात ती वाचतात. खाज पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उतरते, केस भरायला दोन-तीन महिने. तोपर्यंत ज्यांना "हा रोगट आहे, उचलून न्या" म्हणून तक्रार करायची आहे त्यांना तारीख दाखवा.